स्वागताचं डफडं

सांगलीच्या विद्यापीठात मी चौदा वर्षं ड्रम शिकवले. त्या इमारतीचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. आमच्या तालवाद्यांच्या खोलीला लागून पुरुषांचं स्वच्छतागृह होतं आणि त्याचा पाइप आमच्या भिंतीतून खाली जायचा. पावसाळ्यात भिंत ओली व्हायची, पोपडे सुटायचे. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डाकडून वारा आला की त्या वासात हळदीचा वास मिसळायचा. एरवी मला हळदीचा वास आवडतो, पण त्या खोलीत तो नकोसा झाला. मी तीन वेळा अर्ज केला. तिसऱ्या अर्जावर विभागप्रमुख म्हणाले, "सर, कलावंतानं साधनेकडे लक्ष द्यावं. वासाकडे कशाला?"

विभागप्रमुख गायक होते. आवाज गोड, बोलणं त्याहून गोड. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची त्यांना सवय होती. तळहात कायम दमट. ते गेले की शर्टावर ओला ठसा राहायचा आणि तो वाळेपर्यंत मला चैन पडायचं नाही. त्यांच्याशी माझं वाकडं असं कधीच नव्हतं. चौदा वर्षांत आम्ही एकदाही भांडलो नाही, आणि आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्याचीच.

पण जे घडलं ते कळायला आधी माझ्या घरचं सांगायला हवं.

आमचं घर बौद्ध. गाव साताऱ्याजवळ, कृष्णेच्या काठी. धर्मांतराच्या आधी गावकीचं डफडं आमच्या घराकडे होतं. लाकडी कड्यावर चामडं ताणलेलं, गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवायचं वाद्य. गावात लग्न असो, जत्रा असो, कुणी साहेब येवो, आजोबांनी पुढं वाजवत चालायचं. अनवाणी. बदल्यात वरून टाकलेली भाकरी पदरात झेलायची. धर्मांतर झालं आणि आजोबांनी ते डफडं कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घातलं. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, "आबा, थोडं वाजवून दाखवा की. ताटावर दाखवा." आबांनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं आणि भिंतीला उभं करून ठेवलं. म्हणाले, "जळताना लय घाण वास सुटला हुता. तीन दिस घरात राह्यला. तेवढं ध्येनात ठेव. बाकी काय ठेवू नगंस."

माझे वडील फौजेत गेले. तिथं त्यांना पलटणीच्या बँडमध्ये साइड ड्रमवर घेतलं. पहिल्या सुट्टीला ते घरी आले तेव्हा बापलेकात झालेलं बोलणं आई आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायची.

आबा म्हणाले, "काय वाजीवतूस?"

"ड्रम."

"चामड्याचा?"

"प्लास्टिकचा हाय, आबा."

आबांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "वाजीवताना पायात काय आसतं?"

"बूट. लाल पालिशचं."

"मग वाजीव," आबा म्हणाले.

वडील निवृत्त झाल्यावर पाचगणीच्या एका निवासी शाळेत बँडमास्तर म्हणून लागले. तिथं सभागृहाच्या कोपऱ्यात चादरीखाली एक ड्रमसेट होता. शाळेचे संगीतशिक्षक गोव्याचे, वयस्कर, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या वाद्यवृंदात वाजवलेले. त्यांनी मला जाझ ऐकवला. मी पंधरा वर्षांचा होतो. वडिलांनी शिकवलेल्या कवायतीच्या ठोक्याची मला इतकी सवय झाली होती की, जाझमधला उशिरा पडणारा, मागे रेलून बसणारा ठोका मला आधी चूकच वाटला. सरांनी माझा उजवा हात धरून झांजेवर टेकवला आणि म्हणाले, "घाई कुठं आहे? तुला कुणी हाकलतंय का?" हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं असणार. मी मात्र त्या दिवशी ठरवलं, हेच करायचं.

पुढची तीस वर्षं मी वाजवत होतो. मुंबईत हॉटेलात, प्रवासी जहाजांवर, रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत. लोकांना हे ऐकून छान वाटतं. मला आठवतं ते असं की एका मोठ्या हॉटेलात वादकांच्या जेवणाची जागा उष्ट्याचे पिंप ठेवतात त्या बोळात होती. टाय लावून आम्ही तिथं उभ्यानं जेवायचो आणि आमच्या ताटाशेजारून पोरं माशांची डोकी भरलेली घमेली घेऊन जायची. वर दिवाणखान्यात पाहुणे माझ्या मोठ्या ड्रमच्या पुढच्या भोकात सिगारेटची थोटकं टाकायचे. कार्यक्रम संपला की मी आत हात घालून ती बाहेर काढायचो. ओली, चघळलेली थोटकं. त्या हातानं पुन्हा काड्या धरवत नसत.

याच काळात मी बंगलोरला राहून परीक्षा दिल्या, पदव्या घेतल्या, स्वतःच्या रचना लिहायला लागलो. सांगलीच्या विद्यापीठात जागा निघाली तेव्हा मी लगेच अर्ज केला. मला वाटलं, विद्यापीठात निदान लोक ऐकायला बसतील.

सांगलीत एका रचनेवर माझं तीन वर्षं काम चाललं होतं. ट्रम्पेट, डबल बास आणि ड्रमसेट. हळदीच्या यार्डात मी सकाळी जाऊन बसायचो. पोती पाठीवरून खाली पडताना होणारा दबका आवाज, हमालांचे श्वास, सौद्याच्या वेळचा गलबला, मग अचानक पडणारी शांतता. ते सगळं मी कागदावर उतरवत होतो. ही रचना वाजवायला मला तीन चांगले वादक मिळाले होते आणि त्यांतली ड्रमवरची विद्यार्थिनी माझ्याहून बरी वाजवायची, हे मी इथं पहिल्यांदाच लिहितो आहे. ती शिरवळची. वडील तिथल्याच एका कारखान्यात कामाला. ती बोलायची कमी, आणि चुकली तर माझ्याकडे न बघता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना, उन्हाळ्यात, विद्यापीठाच्या मूल्यांकनाला समिती येणार होती. महिनाभर आधीपासून इमारतीला रंग लागायला लागला. आमच्या ओल्या भिंतीवर पोपडे न खरवडताच रंग मारला. त्या स्वच्छतागृहाला बाहेरून कुलूप घातलं आणि दारावर 'वाद्यभांडार' अशी पाटी लावली. एक दिवस विभागप्रमुख माझ्या खोलीत आले आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"सर, तुमची ती जाझची रचना हॉलमध्ये ठेवू या. पण गेटवर काहीतरी मातीतलं पाहिजे. समितीचे लोक दिल्लीचे आहेत. मी म्हटलं, फेटा, धोतर, खांद्यावर घोंगडी, गळ्यात डफडं. गाडीपासून पायऱ्यांपर्यंत पुढं वाजवत चालायचं. तुम्ही पुढं असलात तर वेगळंच वजन येईल."

मी म्हणालो, "मी डफडं वाजवत नाही, सर."

"असं कसं? तुम्हाला काय शिकायला लागणार आहे? तुमच्या तर रक्तातच आहे."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही वाईट भाव नव्हता. त्यांना ती शाबासकी वाटत होती. माझ्या दोन्ही मनगटांत चाळीस वर्षांच्या सरावानं आलेली दुखणी होती. रोज सहा सहा तास रबराच्या पॅडवर मी एकच ठोका घासून काढला होता. यातलं काही रक्तातून आलेलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "नाही जमणार. दुसरं कुणी बघा."

"बघतो की," ते म्हणाले, आणि हसत गेले.

मी नाही म्हणालो याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "मग आता कोण वाजवणार?" "बघतील ते," मी म्हणालो आणि जेवायला बसलो.

चार दिवसांनी कार्यालयातल्या लिपिक बाई जिन्यात भेटल्या. इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "सर, तुम्हाला म्हणून सांगते. त्यांनी माझ्याकडून शिष्यवृत्तीची यादी मागून घेतली. कोणत्या प्रवर्गातली मुलं आहेत ते बघितलं आणि चार नावांवर खुणा केल्या. म्हणाले, या पोरांना येत असेल." चारांत एक नाव माझ्या विद्यार्थिनीचं होतं.

मी तिला खोलीत बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"तू हो म्हणालीस?"

"व्हय सर."

"का?"

"अंतर्गत गुण त्यांच्या हातात हायत." मग ती म्हणाली, "आनि तुमी नाही म्हणालात म्हणून मला दिलंय, असं ते म्हणाले."

मी तिला आबांबद्दल सांगायला लागलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्या घरी तसलं काय झालेलं न्हाई, सर. माझ्या आजोबांनी कवा वाजीवलंच न्हाई. ते एस.टी.त हुते. मला ते नुसतं वाद्य हाय. वाईट वाटलं ते फक्त यादीचं."

तिला यादीचंही कळलेलं होतं. मला वाटलं होतं की ती बातमी माझ्यापाशी आहे आणि ती मी जपून, तिला न दुखावता सांगायची आहे. ती माझ्या आधी सगळं गिळून बसली होती.

समितीच्या दिवशी सकाळी दहाला आम्ही गेटवर होतो. सनईवाला, लेझीमची मुलं, झेंडूच्या पाकळ्यांची ताटं. मिरजेहून आणलेली चार कोरी डफडी त्या चौघांच्या गळ्यात होती. तिला हिरवी नऊवारी नेसवली होती आणि खाली तिचे पांढरे स्पोर्ट्स शूज होते. मी वीसेक पावलांवर गुलमोहराखाली माझ्या रचनेच्या प्रती घेऊन उभा होतो. मी तिथं का उभा होतो, मला माहीत नाही. हॉलमध्ये माझी बरीच कामं पडली होती.

गाडी दीड तास उशिरा आली. तोवर ऊन चढलं. पाकळ्या सुकून काळ्या पडायला लागल्या. ताटांवर माश्या बसल्या. विभागप्रमुखांच्या रेशमी झब्ब्यावर काखेत घामाचे मोठे गोल उमटले होते आणि ते अत्तर शिंपडत होते. गाडी वळणावर दिसली असा कुणाचा तरी फोन आला तेव्हा त्यांचं लक्ष मुलांच्या पायांकडे गेलं.

"पायातलं काढा सगळ्यांनी. फोटोत बूट दिसतात."

तिघांनी चपला काढून बाजूला सारल्या. ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "सर, डांबर तापलंय."

"दोन मिनिटांचं काम आहे. आणि परंपरेत अनवाणीच असतं."

तिनं खाली बघितलं. मला वाटलं, आता ती वाकून नाड्या सोडणार. तिनं डफडं गळ्यातून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"मग तुमी वाजवा, सर. परंपरा तुमचीबी हाय की."

ती हे मोठ्यानं म्हणाली नाही. गुलमोहराखाली मला ते ऐकू आलं, कारण सगळे एकदम गप्प झाले होते. आणि त्याच वेळी समितीची गाडी गेटातून आत आली. विभागप्रमुखांना डफडं ठेवायला जागा सापडेना. खाली ठेवावं तर पाहुण्यांपुढं वाईट दिसेल. त्यांनी ते पोटाशी धरलं. काड्या तिच्या मुठीत राहिल्या होत्या. ते तोंडभर हसले आणि त्यांनी हातानंच दोन थापा मारल्या. भलतीकडेच पडल्या. समितीच्या अध्यक्षांना वाटलं, विभागप्रमुखांनी स्वतः वाजवून स्वागत करायची इथली रीत असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. बाकीचे तिघे वाजवत राहिले. त्यांतला एक पाय सारखे बदलत होता, डांबर चटके देत होतं. ती काड्या घेऊन हॉलकडे चालत गेली.

मी वीस पावलांवरून हे सगळं बघितलं. पुढे गेलो नाही.

तासाभरानं हॉलमध्ये आमची रचना झाली. ती ड्रमवर बसली, आणि इतकं स्वच्छ वाजवलं तिनं की ट्रम्पेटवाला एकदा मान वळवून तिच्याकडे बघायला लागला. समितीला खुर्च्यांवरच बटाटेवडे आणि चहा दिला होता. हळदीच्या यार्डातल्या शांततेसाठी मी लिहिलेल्या बारा मात्रांच्या विश्रांतीत पहिल्या रांगेतून वडा चावल्याचा आवाज येत होता. अर्ध्यातच समितीला पुढच्या विभागाकडे नेलं. एका सदस्यांनी उठता उठता चटणी लागलेल्या बोटांच्या टोकांनी टाळी वाजवली. दारात विभागप्रमुख म्हणत होते, "हे सगळं आमच्या लोकवाद्यांवर आधारित आहे बरं का." मी मंचाच्या बाजूला उभा राहून ट्रम्पेटला हातानं खुणा करत राहिलो. रिकाम्या खुर्च्यांपुढं रचना पूर्ण झाली.

दोन आठवड्यांनी अंतर्गत गुणांची यादी माझ्याकडे सहीला आली. तिला मी वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले होते. त्या आकड्यावर पांढऱ्या शाईचा जाड थर होता आणि वर दुसरा, नापास करणारा आकडा. शाई पुरती वाळलेली नव्हती. माझ्या बोटाला लागली. मी सही केली नाही. विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात आहात, सर. राहू द्या." मग मी कुलगुरूंना भेटलो. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची किती वर्षं राहिली?" मी म्हणालो, दोन. "मग कशाला वातावरण बिघडवता?" ते म्हणाले. "गैरसमज आहे. मी बोलतो त्यांच्याशी."

ते बोलले की नाही, मला कळलं नाही. ती यादी दुसऱ्या एका शिक्षकाच्या सहीनं पुढं गेली. माझी सही लागतच नव्हती. मी आठवडाभर ती नाकारल्याच्या ऐटीत फिरत होतो. तिचं वर्ष गेलं. ती विद्यापीठ सोडून पुण्याला निघून गेली. जाताना तिनं मला भेटून सांगितलं नाही.

विद्यापीठाला चांगली श्रेणी मिळाली. छापील अहवालात विभागप्रमुखांचा डफडं पोटाशी धरलेला फोटो आला, अध्यक्षांच्या शेजारी. खाली 'लोकवाद्याचे जतन' असं लिहिलं होतं. पुढच्या पानावर माझ्या रचनेचं नाव होतं, संशोधनात, 'पारंपरिक लोकतालांवर आधारित' म्हणून. तो अहवाल मी बायकोला दाखवला आणि कपाटात वह्यांखाली ठेवून दिला.

यानंतर मी राजीनामा दिला असं मला इथं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी दोन वर्षं तिथंच राहिलो. त्याच खोलीत, त्याच वासात. विभागप्रमुखांनी बोलावलं की चहाला गेलो. खांद्यावर त्यांचा हात आला की नुसता उभा राहिलो. निवृत्तीच्या कार्यक्रमात त्यांनी मला शाल घातली आणि माइकवर सांगितलं, "ताल यांच्या रक्तातच आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसलो. फोटोत मी हसताना दिसतो. पेढाही खाल्ला.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्यात तिच्या तिघांच्या बँडचा कार्यक्रम होता, रविवारी सकाळी. मी वर्तमानपत्रात वाचलं आणि गेलो. मागच्या रांगेत बसलो. साठ-सत्तर माणसं असतील, पण ती ऐकत होती. तिनं स्वतःच्या रचना वाजवल्या. एकही माझ्यासारखी नव्हती. एका ठिकाणी तिनं ठोका इतका उशिरा टाकला की मी खुर्चीत पुढं सरकलो. फार फार वर्षांनी मला त्या दिवशी संगीत ऐकताना त्या खोलीचा वास आठवला नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती मंचावर झांजांचे स्क्रू सोडवत होती. मी खालून हाक मारली. तिनं ओळखलं, खाली आली, वाकून नमस्कार करायला लागली. मी तिचे हात धरले.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "त्या गुणांच्या यादीचं आणखी काहीतरी करायला हवं होतं."

"यादीचं जाऊ द्या, सर. मी पुण्यात परीक्षा देऊन मोकळी झाले." ती झांज पुसत होती. "मला एकच विचारायचं हुतं. त्या दिवशी तुमी झाडाखाली हुता. मी बघितलं हुतं तुमाला. तुमी का आला न्हाईत?"

मला वाटलं होतं की तिनं मला बघितलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच आधारावर होतो. मनात आलं, सांगावं की रचनेच्या प्रती हातात होत्या, गाडी एकदम आली, काही सुचलं नाही.

"भीती वाटली," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. झांज कापडात गुंडाळली, पिशवीत ठेवली, चेन ओढली.

"मलाबी लय वाटली हुती, सर," ती म्हणाली, आणि दुसरी झांज काढायला मंचावर गेली.